नवऱ्याच्या व्हिसावरून उतरताना

फोनवर मी आबांना म्हणाले, "आबा, मी आता यांच्या व्हिसावरून उतरतेय. माझं मी स्वतंत्र राहणार. त्यासाठी थोडे दिवस तिकडं यावं लागणार आहे."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, गावाकडं कळंबला रेंज गेली.

मग आबा म्हणाले, "कवा येतीस?"

"पुढच्या आठवड्यात."

"एकटीच?"

"एकटीच."

"ये. मी हाय हितं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एरवी ते जावईबापूंची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवत नसत. त्या दिवशी ते विसरले असतील, असं मला वाटलं.

मी जे बोलले त्यात माझ्या लेखी काही वावगं नव्हतं. चार वर्षं मी अमेरिकेत नवऱ्याची बायको म्हणून राहत होते, म्हणजे कागदावरही. त्याला नोकरीचा व्हिसा होता आणि मला त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाचा. या व्हिसावर राहता येतं, वर्गात बसून शिकताही येतं, पण काम करून पैसे घेता येत नाहीत. लग्नाआधी मी बारामतीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशव्यांतून माती आणायचे. मी ती वाळवायची, चाळायची, तिच्यात क्षार किती, चुना किती ते काढून द्यायची. तिकडं गेल्यावर माझ्या हाताला माती लागली ती बाल्कनीतल्या कुंडीतली. नवरा चांगला होता, आजही आहे. पण प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन थांबायचं, आणि शेवटी मी तो रकाना कोराच सोडायची.

मग एका विद्यापीठानं मला मातीच्या अभ्यासासाठी प्रवेश दिला. तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम केलं तर फी माफ होणार होती. पण ते काम करायला विद्यार्थ्याचा व्हिसा हवा. मी तिथूनच अर्ज केला, की माझी नोंद बदलून विद्यार्थिनी म्हणून करा. अर्ज कुठल्या ढिगाखाली गेला कोण जाणे. महिने गेले तरी उत्तर आलं नाही. शेवटी परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "वाट बघत बसलात तर वर्ग सुरू होऊन जातील. त्यापेक्षा तुमच्या देशात जा, तिथल्या वकिलातीतून विद्यार्थ्याचा व्हिसा घ्या आणि तो घेऊन परत या. मात्र तुम्ही देश सोडला की इथला अर्ज रद्द होईल."

म्हणून मी निघाले. हे सगळं आबांना फोनवर समजावण्यापेक्षा एका वाक्यात सांगितलेलं बरं, असं मला वाटलं होतं.

पुण्याच्या विमानतळावर सकाळी आबा गावातली गाडी ठरवून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. माझ्या एकुलत्या एका बॅगेकडं त्यांनी पाहिलं.

"येवढंच सामान?"

"एवढंच. बाकी सगळं तिकडंच आहे."

त्यांनी मान वळवली आणि बॅग उचलली. मी घ्यायला गेले तर देईनात.

गाडीत मी म्हणाले, "वाटेत बारामतीला आत्यांकडं थांबू." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"आधी घरी," आबा म्हणाले. "तितलं तितं बघू नंतर."

आबा भवानीनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकामी होऊन आली की परत घ्यायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची, हे त्यांनी नोकरी संपेपर्यंत केलं. आई मी बारावीत असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला त्याच दिवशी पोरांना शाळेत घालायचं ठरवलं, असं आबा सांगायचे. त्यामुळं आमच्या घरात शिकण्याला कधी कुणी आडकाठी केली नाही. उलट मी नोकरी धरली तेव्हा आबाच म्हणाले होते, "येवढ्यावर थांबणार व्हय?"

घरी आले आणि दारातच थबकले. माझ्या जुन्या खोलीत आबा खताची पोती ठेवायचे. ती खोली रिकामी करून तिला चुना मारलेला होता. खिडकीला नवी जाळी बसवली होती. नवं लोखंडी कपाट, नवं टेबल, आणि भिंतीवर आरसा. आरसा माझ्या उंचीला बरोबर होता.

"आबा, एवढं कशाला? मी दीड-दोन महिन्यांसाठी तर आलेय."

"असू दे. माणसाला आपली एक खोली लागती," ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

पुढचे काही दिवस आबा माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. सकाळी मला उठवायचे नाहीत. मी भाकरी थापायला बसले की "ऱ्हाऊ दे, मी करतो" म्हणायचे. एकदा जेवताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "लोणी देवकरला एका कंपनीत लॅबमधी माणूस पायजेल म्हणत्यात. घरनं जाऊन येण्याजोगं हाय."

"पण आबा, मला शिकायचंय."

"शिक की. कोण नको म्हणतंय? हितं बी शिकता येतं. बारामतीत काय कमी हाय?"

मला त्यांचा राग आला. वाटलं, म्हातारपणी मी जवळ असावी असं त्यांना वाटतंय, म्हणून ते माझं बोलणं टाळताहेत. शेजारची एक काकू ताक द्यायला आली आणि म्हणाली, "लई दिवस ऱ्हाणार म्हणं लेक?" आबा एकदम तडकले. "तिचं घर हाय. ऱ्हाईल कितीबी दिवस. तुमाला काय तरास?" काकू ताकाचा तांब्या तसाच ठेवून गेली. आबांना मी इतक्या वर्षांत शेजाऱ्यांवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

आणि रोज सकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की आबा बादली उचलून पेरूच्या झाडाकडं जायचे. त्या पेरूला त्या महिन्यात जेवढं पाणी मिळालं तेवढं त्याच्या जन्मात मिळालं नसेल.

"आबा माझ्यावर रागावलेत का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"छे. कॅमेऱ्याला लाजतात," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी मी हट्टानं बारामतीला निघाले. आबांनी मोटारसायकलवरून नेलं, पण आत्यांच्या घराच्या कोपऱ्यावरच गाडी थांबवली. "तू जा. मला जरा काम हाय." मला कळेना, विहीणबाईंच्या दारापर्यंत येऊन हा माणूस चहाला न थांबता कसा जातो.

आत्यांनाही कळलं नाही. "तुझं आबा माघारी का वळलं?" हे त्यांचं पहिलं वाक्य. आत्या बारामतीच्या एसटी डेपोत कंडक्टर होत्या. सासरे फार लवकर गेले, आणि त्यांनी खांद्याला तिकिटांची पेटी अडकवून पोराला इंजिनिअर केलं. रिटायर होऊन काही वर्षं झाली तरी आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. मी त्यांना वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीचं सगळं सांगितलं. खिडकीपलीकडं एक साहेब किंवा बाई असते, दोन-तीन मिनिटांत चार प्रश्न विचारते आणि तेवढ्यावर ठरतं.

"मग सराव कर की," आत्या म्हणाल्या. "मी बसते साहेब होऊन."

त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, जेवणाच्या टेबलाच्या पलीकडं बसल्या आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी विनातिकीट आहे असं मलाच वाटायला लागलं.

"कुठं जायचं?"

"आत्या, असं नाही विचारत."

"मी इचारते. कुठं जायचं?"

मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.

"तिकीट तुझं का नवऱ्याचं?"

"माझं."

"कशाला शिकायचंय?"

मी इंटरनेटवरून पाठ केलेलं इंग्रजी उत्तर म्हणायला लागले. आत्यांनी हात वर केला. "मला कळंल असं सांग. मला कळलं न्हाय तर त्या साहेबाला काय कळणार?"

मग मी मराठीत सांगितलं. आमच्याकडं कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेऊन किती रानं चोपण झाली, वर पांढरा थर येतो, पीक पिवळं पडतं. आबांचा ओढ्याकडचा तुकडा तसाच गेला. प्रयोगशाळेत माणसं पिशवी घेऊन यायची आणि मी त्यांना आकडे लिहून द्यायची. ती विचारायची, "मग आता काय करू?" मला जिप्सम टाका याच्या पलीकडं काही सांगता यायचं नाही. ते सांगता यावं म्हणून शिकायचंय.

आत्या खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "हे बोल तिथं. आन् शिकून परत येणार का?"

त्या प्रश्नाला मी अडखळले. नवरा तिकडं, माती इकडं. आत्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "ह्याचं उत्तर मला नको देऊ. पण तुला माहीत असू दे," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात इंदापूरला जायचं ठरलं. माझ्या पदवीच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव होतं, पुढं आबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. आबा म्हणाले, इंदापुरात त्यांच्या ओळखीचा माणूस आहे, तहसील कचेरीबाहेर बसून कागद करून देतो.

तो माणूस लिंबाच्या सावलीत टेबल मांडून बसला होता. पुढं लॅपटॉप, बाजूला छोटा प्रिंटर. त्यानं माझी दोन्ही नावं लिहून घेतली आणि विचारलं, "हितनं पुढं कुठलं नाव लावणार?"

मी उत्तर द्यायच्या आत आबा म्हणाले, "जुनंच. जुनं नाव वाईट न्हाय."

"आबा, पासपोर्ट नव्या नावाचा आहे," मी हसत म्हणाले. "नवंच लिहा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही. कागद करणाऱ्यानं छापून दिलं, मी वाचून सही केली. मग त्यानं टेबलाच्या खणातून दुसरी एक फाइल काढली.

"आबा, तुमचं बक्षीसपत्र बी तयार हाय. ताई आल्याच हायेत, तर आजच रजिस्टर करून टाकू. दोन साक्षीदार मी बघतो."

"कसलं बक्षीसपत्र?" मी विचारलं.

आबा खाली बघायला लागले. माणसानं फाइल माझ्यापुढं सरकवली. कळंबचं राहतं घर आणि अंगण आबा माझ्या नावावर करत होते. कारणाच्या जागी लिहिलं होतं, मुलीस कायम राहण्यासाठी स्वतःचे छप्पर असावे म्हणून, प्रेमापोटी.

मी आबांना बाजूला घेतलं. स्टँडच्या बाजूला उसाच्या रसाचं दुकान होतं, तिथं बाकावर बसलो. दोन ग्लास समोर आले, पण दोघांनीही हात लावला नाही.

"आबा, हे काय आहे?"

"काय न्हाय. घर तुझंच हाय, आज न्हाय तर उद्या. मी असताना झालं तर बरं. मागनं तुला कुणी बोलाय नको."

"कोण बोलणार मला?"

आबा बराच वेळ ग्लासवरचं पाणी बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "लोक बोलत्यात. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला लोक बोलत्यात. म्हणून म्हणलं, आपलं दार आपल्या नावाचं असावं."

"मी कधी सोडलं नवऱ्याला?"

"तूच म्हणलीस. फोनवर. नवऱ्यावरनं उतरते, माझी मी ऱ्हाते म्हणलीस."

"नवऱ्यावरून नाही आबा! नवऱ्याच्या व्हिसावरून!"

"मग ते येकच न्हाय व्हय?"

मी हसायला लागले. ते हसू केव्हा रडण्यात गेलं ते मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढून सगळं सरकत गेलं: चुना मारलेली खोली, माझ्या उंचीचा आरसा, लोणी देवकरची नोकरी, काकूवरचा तो आवाज, पेरूला घातलेलं पाणी. फोन झाल्यापासून तीन आठवडे हा माणूस, लेक नवऱ्याला सोडून आली असं समजून, तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची तजवीज करत होता. आणि एका शब्दानं त्यानं विचारलं नव्हतं, की काय झालं, चूक कुणाची.

"मला विचारायचं तरी, आबा."

"कसं इचारू? तुझी आई असती तर तिनं इचारलं असतं." ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "म्हणलं, तिला सांगावंसं वाटंल तवा सांगंल. तवर तिला हितं नीट ऱ्हाता आलं पायजे, बास."

मग मी त्यांना सुरुवातीपासून सगळं सांगितलं. नोकरीचा व्हिसा, त्याच्यावर अवलंबून असलेल्याचा, विद्यार्थ्याचा. त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले, नीट समजून घेतलं. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर काट्यावरचा माणूस उमटला.

"म्हंजी आत्तापतूर तुझं वजन जावईबापूंच्या गाडीत धरलं जात हुतं. आता पावती तुझ्या नावाची पायजे."

"हो. तेवढंच."

"मग तसं सांगायचं की!" असं म्हणून त्यांनी रसाचा ग्लास एका दमात संपवला. आणि उठता उठता म्हणाले, "तरी ते बक्षीसपत्र करून टाकू. दोन साक्षीदार बसलेत बिचारे."

मी नको म्हणाले. ते ऐकेनात. "पोरी, नवरा चांगला हाय म्हणून बापानं घर देऊ न्हाय असं कुठं लिवलंय?" त्या दुपारी मी सही केली.

इंदापूरहून आबांनी गाडी घराकडं न वळवता सरळ बारामतीला नेली. वाटेत पेढे घेतले. या वेळी ते कोपऱ्यावर थांबले नाहीत, थेट आत्यांच्या दारात गेले. आत गेल्यावर मात्र पेढे पुढं केले नाहीत. पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन नुसते बसले.

"काय झालं पाव्हणं? व्हिसा इतक्यात मिळाला व्हय?" आत्यांनी विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "इहीणबाई, माझं चुकलं. मी तुमच्या पोराबद्दल वंगाळ इचार केला."

मग मलाच सगळं सांगावं लागलं. आत्या ऐकत होत्या तसा त्यांचा चेहरा कठीण होत गेला. मला वाटलं, आता आबांचं काही खरं नाही. आत्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"पाव्हणं, माझ्या पोरानं असं काय केलं असतं, तर तुमच्याआधी मी हिची खोली आवरली असती. हितं. ह्या घरात," त्या म्हणाल्या. "तुमी मला येक फोन करायचा हुता."

"चुकलं," आबा परत म्हणाले.

"पेढं द्या हिकडं."

वकिलातीत जायच्या दिवशी दोघंही माझ्याबरोबर मुंबईला आले. आत फोन नेता येत नाही, म्हणून माझा फोन आत्यांच्या पिशवीत. दोघं समोरच्या फुटपाथवर उभे, मधे अंतर ठेवून, जणू एकाच बसची वाट बघणारे दोन अनोळखी प्रवासी. मी आत गेले, रांगेत उभी राहिले, खिडकीपाशी पोचले. पलीकडच्या माणसानं विचारलं, नवरा कुठं असतो? मी सांगितलं. मग तुम्ही शिकून परत का याल? मी मातीचं सांगायला लागले, पण इंग्रजीत ते पाठ केल्यासारखं यायला लागलं. मला ते ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. इथं माझं घर आहे याचा पुरावा म्हणून बक्षीसपत्राची प्रत फाइलमध्ये होती. त्यानं फाइलकडं पाहिलंही नाही. एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि पासपोर्ट परत केला. नाही मिळाला.

बाहेर आले तर दोघांना माझ्या चालीवरूनच कळलं. आत्यांनी डब्यातली चपाती-भाजी काढली आणि आम्ही तिघांनी फुटपाथवर उभ्या उभ्या खाल्ली.

नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "तुझा जुना व्हिसा अजून चालू आहे. ये परत. नंतर बघू." त्याच्या आवाजात माया होती, म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. दोन दिवस मी विचार केला. मग विद्यापीठाला लिहिलं, की या सत्राऐवजी जानेवारीपासून प्रवेश द्या. त्यांनी दिला. नवऱ्याला म्हणाले, "मी आणखी एकदा प्रयत्न करते. तोवर इथंच राहते."

तो म्हणाला, "आबांना सांग, आता खरंच मला सोडलंय असं समजू नका." मी तो निरोप दिला तेव्हा आबा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले आणि हात जोडून उभे राहिले. नवरा ओशाळला. "आबा, हात खाली करा ओ," म्हणाला.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. आबा आणि मी ओढ्याकडच्या तुकड्यात खड्डे घेतले, वीतभर खोलीची माती वेगळी, दोन वीत खोलीची वेगळी. गावात कळलं तसे इतर लोकही मातीच्या पिशव्या घेऊन यायला लागले. नव्या टेबलावर पिशव्यांची रांग लागली. आबा प्रत्येक पिशवीवर नाव आणि रानाचा गट नंबर लिहायचे, त्यांच्या काट्यावरच्या गोलसर अक्षरात. ताक आणणारी काकूही एक दिवस पिशवी घेऊन आली. आबांनी तिला आत बोलावून चहा दिला.

आत्या रविवारी एसटीनं यायच्या. येताना त्यांचं ठरलेलं: गाडीतल्या कंडक्टरनं काय चुका केल्या ते सांगायचं, मग आबांचा स्वयंपाक बघून नाक मुरडायचं आणि पदर खोचून स्वतः कालवण टाकायचं. जेवण झालं की टेबलापलीकडं बसून मला विचारायच्या, "कुठं जायचं?"

त्यांच्या प्रश्नांना मी मराठीत उत्तरं देत राहिले. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की आता मी वाक्यं जुळवत नाही, नुसतं सांगतेय. परत येणार का, हेही त्यांनी एकदा विचारलं. "येणार," मी म्हणाले. "कधी ते माहीत नाही. तो बरोबर येईल का, हेही माहीत नाही. पण या मातीचं काम दुसऱ्या कुठल्या मातीवर होणार नाही." आत्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या वेळी खिडकीपलीकडं एक वयस्क बाई होती. नवरा तिकडं असतो का, तिनंही विचारलं. मग म्हणाली, तुमच्या विषयाबद्दल सांगा. मी ओढ्याकडच्या तुकड्याचं सांगितलं. माझं इंग्रजी दोन ठिकाणी अडखळलं, आणि एके ठिकाणी मी "चोपण" हा शब्द तसाच वापरला, कारण दुसरा सुचला नाही. तिनं विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितलं, वरून चांगली दिसते, पण पाणी आत घेत नाही अशी जमीन. तिनं काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळाल्याची हीच खूण असते, हे मला माहीत होतं, तरी मी तिला विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे शुभेच्छा," ती म्हणाली.

बाहेर आबा आणि आत्या या वेळी शेजारी शेजारी उभे होते. मी लांबूनच मान हलवली. आत्यांनी तोंडाला पदर लावला. आबा रस्ता ओलांडून आले आणि पहिला प्रश्न विचारला, "पावती दिली का?"

"पासपोर्ट नंतर मिळणार."

"बिगरपावतीचं कसं काय ठेवून घेतलं?" ते खरंच काळजीत पडले होते. आत्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

जानेवारीत मी गेले. उतरल्यावर नवरा बाहेर थांबला होता आणि मी एकटी रांगेत उभी राहिले. आतल्या माणसानं माझे कागद पाहिले, काय शिकणार विचारलं, शिक्का मारला. तीन मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर नवऱ्यानं माझी बॅग घेतली आणि विचारलं, "मग, विद्यार्थिनी?" मला त्याला मिठी मारायची होती, पण आधी मी पासपोर्ट उघडून ते पान त्याला दाखवलं.

आता सकाळी प्रयोगशाळेत जाते. विद्यार्थी माझ्याकडं नमुने घेऊन येतात, मी त्यांना चाळायला शिकवते. पहिला पगाराचा कागद आला तो मी फोटो काढून आबांना पाठवला. त्यांनी उलट त्यांच्या तुकड्याचा फोटो पाठवला; तिथं माती सुधारायला ताग पेरलाय, निम्मा उगवलाय.

रविवारी मी फोन करते तेव्हा कळंबला दोघंही असतात. माझं त्यांच्याशी फारसं बोलणं होत नाही, कारण ती दोघंच बोलत असतात. गेल्या रविवारी वाद चालला होता, तागाला आत्ता पाणी द्यावं की नाही. आबा म्हणत होते, दोन दिवस थांबू. आत्या म्हणत होत्या, पोरीला विचारा, ती शिकायला गेलीये ना. आबांनी फोन स्वतःकडं वळवला, तर पडद्यावर नुसतं छत आणि पंखा.

"आबा, फोन उलटा धरलाय," मी म्हणाले.

"असू दे," आत्यांचा आवाज आला. "तू पाण्याचं सांग."